सायकलची सीट लावून घेतली तरी चाळीस किलोमीटरनंतर पुन्हा दुखतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

तक्रार साधारण अशी असते. वाशीहून पाम बीच रोडने बेलापूर आणि परत, हे वीसेक किलोमीटर आरामात होतात. त्याच सायकलवर रविवारी पनवेल ओलांडून पुढे गेलं, की पस्तीसाव्या-चाळिसाव्या किलोमीटरला बसवत नाही. मग दुकानात सीट थोडी पुढे, थोडी खाली करून घेतली जाते. आठवडाभर बरं वाटतं, की पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला जेलचं कव्हर येतं, त्यानंतर नवी सीट. दुखणं मात्र जिथल्या तिथे.

दुखणं असं परत परत येतं तेव्हा बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एकतर सीट मापाने न लावता नजरेने लावलेली असते, किंवा मापाने लावलेली सीट हळूहळू सरकत असते. सीटची नळी पाच मिलिमीटर खाली बसली किंवा सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दोन अंश झुकलं, तर नजरेला काहीच दिसत नाही, पण तीन-चार तास बसणाऱ्याला ते कळतं. म्हणून नवी सीट घेण्याआधी खालचा क्रम पाळा. हवं असलेलं सामान फार नाही: मीटर टेप, ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, सीट पकडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या क्लॅम्पसाठी १३ किंवा १४ चा पाना, काळी इलेक्ट्रिकल टेप, थोडं ग्रीस, दोरा आणि मोबाईल.

सगळ्यात आधी: सीट सरकते आहे का

सीटची नळी फ्रेममध्ये जिथे शिरते, त्याच्या अगदी वर नळीला टेपचा एक वेढा घाला. टेपची खालची कड तिथे नळी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पला टेकलेली हवी. सीटखालच्या दोन दांड्यांवरही, त्यांना पकडणाऱ्या क्लॅम्पच्या पुढे आणि मागे टेपचे तुकडे चिकटवा. खिळ्याने ओरखडा काढू नका, ॲल्युमिनियमच्या नळीला तडा जायला तेवढी जागा पुरते. आता नेहमीच्या रस्त्यावर चार-पाच फेऱ्या करा. टेप चुरगळली किंवा क्लॅम्पखाली गेली, तर नळी खाली बसते आहे. दांड्यांवरची टेप हलली, तर सीट पुढे-मागे सरकते आहे. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉक यांच्यावर ही परीक्षा लवकर पार पडते.

ही खूण आणखी एका कारणासाठी कायम ठेवावी. घरातलं कुणीतरी सायकल घेऊन जातं, क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताने उघडणारा क्लॅम्पचा खटका) उघडून सीट खाली करतं आणि अंदाजाने पुन्हा वर करून ठेवतं. गाडीच्या डिकीत सायकल घालताना नळी काढली जाते, तेव्हाही हेच होतं. पुष्कळदा ‘अचानक पुन्हा दुखायला लागलं’ याचं कारण एवढंच निघतं.

नळी खाली बसत असेल तर नुसता बोल्ट आवळत सुटू नका. नळी पूर्ण बाहेर काढा. फ्रेमच्या आत आणि नळीवर जुनं ग्रीस, माती, गंज यांचा जो काळा लेप असतो तो कापडाने पुसा. नळीवर कोरलेला व्यास बघा: २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी ही मापं सध्या सर्रास दिसतात. फ्रेमच्या मापापेक्षा नळी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी जरी बारीक असली, तरी कितीही आवळा, ती धरणार नाही; क्लॅम्पचे आटे मात्र जातील. माप बरोबर असेल तर नळीला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, क्लॅम्पच्या बोल्टच्या आट्यांना थेंबभर लावा आणि परत बसवा. नळी किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस अजिबात लावायचं नाही. त्यासाठी कणीदार कार्बन पेस्ट मिळते, तीच लावा. धातूची नळी सगळं करूनही घसरत असेल, तर तिलाही हीच पेस्ट चालते.

ग्रीस लावल्यावर नळी जास्त घसरेल अशी भीती असते. प्रत्यक्षात कोरडी नळी ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत फ्रेमला घट्ट चिकटते. ॲल्युमिनियमची नळी आणि पोलादी फ्रेम ही जोडी त्यात सगळ्यात वाईट. दोन पावसाळे न काढलेली नळी मग हातोडीलाही दाद देत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नळी काढून, पुसून, पुन्हा बसवावी.

किती आवळायचं? क्लॅम्पवर न्यूटन मीटरचा आकडा छापलेला असतो, नळीच्या क्लॅम्पला तो बहुधा ५ ते ७ च्या दरम्यान. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. ॲलन कीच्या लांब दांड्यावर बोल्टपासून १० सेंमीवर हुक अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले म्हणजे साधारण ५ न्यूटन मीटर झाले. दोन-तीनदा असं केलं की हाताला अंदाज येतो. क्विक रिलीज असेल तर खटका अर्धा मिटल्यावर अडायला लागला पाहिजे आणि पूर्ण मिटवताना तळहातावर वळ उमटला पाहिजे. बोटाने सहज मिटला तर तो ढिला आहे.

नळी किमान किती आत हवी याची रेघ तिच्यावर असते. ती रेघ बाहेर दिसत असेल तर सायकल चालवू नका, लांब नळी घ्या.

उंची: इथेच निम्म्याहून अधिक दुखणं असतं

शहरात सायकल शिकलेले लोक सीट खाली ठेवतात, कारण सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकवायची सवय असते. माजिवड्याच्या गर्दीत ते सोयीचं वाटतं हे खरं. पण सीट खाली असली की पाय कधीच पुरता सरळ होत नाही, पॅडलवर वजन पडत नाही आणि सगळा भार बैठकीवर येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं तेही यामुळेच. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय खाली आणि एक पॅडलवर, ही सवय लावून घेतल्याशिवाय लांबच्या पल्ल्याची उंची ठेवता येत नाही. ही सवय चार दिवसांत लागते.

उंची अशी काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं वर ओढा. त्याची कड भिंतीला काटकोनात टेकलेली हवी. कडेच्या उंचीवर खूण करून जमिनीपासून मोजा. तीनदा मोजा, सरासरी घ्या. या आकड्याला ०.८८३ ने गुणा. जे येईल ते बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून, म्हणजे क्रँक (पॅडल ज्यांना लावलेले असतात ते दांडे) फ्रेमला जिथे जोडलेले असतात त्या बोल्टपासून, सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर.

उदाहरणार्थ, पायाचं माप ८० सेंमी आलं तर ७०.६ सेंमी. ७४ आलं तर ६५.३. दुसऱ्या पद्धतीने ताळा करता येतो: पायाच्या मापाला १.०९ ने गुणायचं आणि ते अंतर खालच्या पॅडलच्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरायचं. ८० ला ते ८७.२ येतं. त्यातून १७ सेंमीचा क्रँक वजा केला की ७०.२ उरतात, म्हणजे दोन्ही पद्धतींत चार मिलिमीटरचा फरक. तेवढा चालतो. दोन सेंमीचा फरक आला तर मोजण्यात चूक आहे.

हा आकडा म्हणजे सुरुवात. खरी परीक्षा सायकलवर. नेहमीचे बूट आणि पॅडेड शॉर्ट घालून, भिंतीला धरून बसा आणि टाच पॅडलवर ठेवून उलटं फिरवा. पॅडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा, पण टाच सुटता कामा नये. मग पाय नेहमीच्या जागी, बोटांच्या मुळाशी असलेला उंचवटा पॅडलच्या दांड्यावर ठेवलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. कुणालातरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे. हे डोलणं फार महाग पडतं: सीटवर दर फेऱ्याला घासलं जातं आणि जांघेत, बैठकीच्या हाडांवर कातडी सोलवटते. गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटणं हेही उंच सीटचंच लक्षण.

सीट खूप खाली असेल तर एका दिवसात चार सेंमी वर करू नका. दर दोन-तीन फेऱ्यांनी ५ मिमी, इतकंच. आणि लक्षात ठेवा, स्पोर्ट्स शूजऐवजी पातळ तळाचे बूट घातले किंवा शॉर्टमधलं पॅड जाड झालं, की उंची पुन्हा बदलते. नवे बूट आणल्यावर परतणारं दुखणं याच जातीचं असतं.

नाकाचा कल

पुढच्या नाजूक भागाला बधिरपणा, मुंग्या येणं हे नाक वर असल्याचं लक्षण. हाताचे पंजे बधिर होणं, खांदे भरून येणं, सारखं मागे सरकून बसावं लागणं हे नाक जास्त खाली असल्याचं. दुसरं लक्षण लोक हँडलच्या खात्यात टाकतात आणि ग्रिप बदलतात. शरीर उतरणीवरून पुढे घसरतं आणि हातांनी ते रोखून धरावं लागतं, म्हणून पंजे दुखतात.

सुरुवात पाणसळीत करायची. सीटवर शेपटीपासून नाकापर्यंत जाड पुठ्ठ्याची वही आडवी ठेवा, तिच्यावर मोबाईल आणि त्यात पाणसळीचं ॲप. इथे एक फसगत हमखास होते. सोसायटीच्या पार्किंगची जमीन सपाट नसते, पाणी वाहून जावं म्हणून तिला नाल्याकडे उतार दिलेला असतो. त्या उतारावर शून्य करून घेतलेली सीट रस्त्यावर दोन अंश वर असू शकते. म्हणून एकदा मोजा, सायकल त्याच जागी तोंड फिरवून उभी करा, चाकं त्याच दोन ठिकाणी येतील अशी, आणि पुन्हा मोजा. नाक वर म्हणजे अधिक, खाली म्हणजे उणे, असं धरून दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. तोच खरा कल.

शून्यावर वीस किलोमीटर चालवा. समोर दाब वाटला तर एकेक अंश नाक खाली. बहुतेकांचं शून्य ते उणे ३ मध्ये भागतं. त्यापुढे जावं लागत असेल तर उंची जास्त आहे, हँडल फार दूर किंवा खाली आहे, नाहीतर सीटचा आकारच जुळत नाही; त्याचा इलाज कलाने होणार नाही.

चढावरचं गणित वेगळं असतं. ५ टक्क्यांच्या चढावर अख्खी सायकल जवळपास ३ अंश मागे कलते, म्हणजे पाणसळीत लावलेल्या सीटचंही नाक तेवढं वर जातं. येऊर चढताना किंवा खोपोलीहून बोरघाट चढताना समोर दाब जाणवतो आणि पाम बीचवर जाणवत नाही, त्याचं कारण हे. घाटात सारखे जाणाऱ्यांनी एक अंश जादा खाली ठेवून बघावा, सपाटीवर पंजे तक्रार करत नाहीत ना हे तपासून.

आता कल टिकत का नाही, ते. साध्या सायकलींच्या सीटखाली दोन्ही बाजूंना नट असलेला क्लॅम्प असतो, त्यात दातेरी चकत्या असतात. नट पुरते ढिले न करता सीट हाताने दाबून वाकवली, की दात झिजतात. नंतर कितीही आवळा, पहिल्या मोठ्या खड्ड्यात नाक वर किंवा खाली जातं. नट ढिले करा, दात एकमेकांतून सुटलेले डोळ्यांनी बघा, कल द्या, मग डावा-उजवा नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. दात गुळगुळीत झाले असतील तर दुरुस्ती नाही, क्लॅम्प बदला. या क्लॅम्पची दुसरी अडचण म्हणजे कल एकेका दाताच्या टप्प्याने बदलतो. एका दातावर नाक वर, पुढच्या दातावर खूप खाली, मधलं काही मिळत नाही. लांबचा पल्ला करायचा असेल तर नव्या सीटऐवजी आधी दोन बोल्टांची नळी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात पुढचा बोल्ट आवळून मागचा तेवढाच सैल केला की नाक खाली येतं, उलट केलं की वर. पाव फेऱ्यानेही फरक पडतो, आणि लावलेला कल हलत नाही.

एकाच मोठ्या बोल्टच्या क्लॅम्पला जोर बराच लागतो, पुष्कळदा १२ न्यूटन मीटरच्या वर. छापलेला आकडा बघा. अशा ठिकाणी आखूड ॲलन कीने पुरेसं आवळलं जात नाही आणि सीट सरकते.

पुढे-मागे

हे उंची आणि कलानंतरच करायचं. क्रँक जमिनीला समांतर, पाय नेहमीसारखा पॅडलवर. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा सोडा. तो पॅडलच्या दांड्यावर किंवा सेंटिमीटरभर मागे पडला तर ठीक. हा नियम नैसर्गिक कायदा नाही, पण सुरुवातीला याहून सोपी खूण दुसरी नाही.

सीट पुढे-मागे केली की उंचीही बदलते, हे इथे फार जण विसरतात. फ्रेमची नळी साधारण ७३ अंशांत तिरकी असते, त्यामुळे सीट १० मिमी मागे नेली की क्रँकपासूनचं अंतर सुमारे ३ मिमी वाढतं. तेवढी नळी खाली घ्या. पुढे नेली तर तेवढी वर. दांड्यांवर क्लॅम्पसाठी हद्दीच्या खुणा असतात, त्यांच्या बाहेर पकडलं तर दांडी वाकते.

हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढू नका. त्यासाठी आखूड स्टेम, म्हणजे हँडल पकडणारा पुढचा तुकडा, मिळतो. सीटची जागा पाय ठरवतात.

एकाच बाजूला दुखत असेल

नाक फ्रेमच्या आडव्या नळीच्या सरळ रेषेत आहे का, मागे उभं राहून बघा. सायकल पडली असेल तर एक दांडी वाकलेली असू शकते. सीट उलटी करून दोन्ही दांड्या शेजारी शेजारी तपासा. वाकलेला पॅडलचा दांडाही हेच करतो. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

मग सीटची रुंदी

इथवर सगळं बरोबर असूनही हाडांवर दुखत असेल, तर आता सीट बदलायचा विचार करायला हरकत नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचलून पुढे वाका. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. या आकड्यात २० ते २५ मिमी मिळवले, की थोडं वाकून चालवणाऱ्यासाठी सीटची रुंदी येते. ताठ बसून चालवणाऱ्यांना आणखी रुंद लागते. खळगे १२० मिमीवर आले तर १४३ च्या आसपासची सीट बघा. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, त्यामुळे सायकलबरोबर आलेली अरुंद सीट त्यांना टोचण्याची शक्यता अधिक.

जेलचं कव्हर स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरला चालतं. लांबच्या पल्ल्यात हाडं त्यात रुततात आणि जेल मधोमध वर येऊन नेमक्या नाजूक भागावर दाब देतं. शिवाय कव्हर सरकतं, म्हणजे घासणं आलंच.

घाम आणि बसण्याची सवय

मे-जूनच्या दमटपणात सायकल अगदी बरोबर लावलेली असली तरी जांघ सोलवटते. पॅडेड शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही, त्याची शिवण तिथेच येते. निघण्याआधी घासणाऱ्या जागी व्हॅसलीन किंवा सायकलस्वारांसाठी मिळणारं चामोई क्रीम लावा. घरी आल्यावर ओली शॉर्ट लगेच बदला आणि धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका.

पाम बीचसारख्या सपाट रस्त्याची खोड अशी, की तिथे उठायचं निमित्तच मिळत नाही. चढ नाही, सिग्नल मोजके, अर्धा तास एकाच ठिकाणी बसून राहता. तिथे बधिरपणा जास्त येतो तो म्हणून. दर दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद पॅडलवर उभे राहा, खड्डा किंवा स्पीड ब्रेकर दिसला की प्रत्येक वेळी बैठक उचला. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे हीच सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. टायर दगडासारखे फुगवलेले असतील तर बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहून हवेचा दाब ५-५ पीएसआयने कमी करून बघा, हाडांना लागणारे धक्के कमी होतात.

नव्याने सुरू करणाऱ्याला पहिले दहा-पंधरा दिवस हाडांवर दाबल्यासारखं दुखतं. ते सीटमुळे नव्हे, त्या जागेला सवय नसते म्हणून. तेवढ्या काळात दर फेरीला काहीतरी बदलत राहिलात, तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, तोच वीस किलोमीटरचा रस्ता दोनदा करा, आणि उंची, कल, दांडीवरची जागा हे तीन आकडे तारखेसह मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दुकानात सर्व्हिसिंगला देताना हेच आकडे दाखवा आणि परत आणल्यावर मोजून घ्या.

बधिरपणा उतरल्यानंतरही तासाभरात गेला नाही, लघवीला त्रास झाला, किंवा घासलेल्या जागी पू असलेली गाठ आली आणि ताप आला, तर अवजारं खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत सायकल बंद.